आपोलीनला माती घेईना

“रेजी, तू जरा तिकडं क्रुसाकडं जाऊन उभी ऱ्हा,” इनास कबरीतून म्हणाला.

तो छातीपर्यंत खड्ड्यात होता. पहिला अर्धा तास त्याचं फावडं एका लयीत चाललं होतं, आणि आता ते मध्येच थांबलं होतं. सकाळचे साडेसात वाजले होते. संध्याकाळी चार वाजता त्याच खड्ड्यात ज्युस्तीनमामीला ठेवायचं होतं, आणि त्याआधी माझ्या आयची हाडं वर काढायची होती.

आमच्या वसईकडे चर्चच्या आवारात जागा थोडी आणि मरणारे पुष्कळ. त्यामुळे कबर कुणाची कायमची नसते. दोन वर्षं उलटली की तीच कबर उघडतात, आतली हाडं पांढऱ्या फडक्यात बांधून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आणि घराण्यातला पुढचा माणूस तिथे झोपतो. हाडं उचलायला घरचं माणूस लागतं. आयला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणजे एक सख्खा भाऊ होता, पण तो असून नसल्यासारखा. म्हणून मी हातात धुतलेलं फडकं घेऊन कबरीच्या काठावर उभी होते.

“का? काय झालं?” मी विचारलं.

“हो म्हटलं ना मागं.”

मी नर्स होते. तीस वर्षांची होते आणि मला कुणी मागे हो म्हटलं की मी हटकून पुढे जायची. मी वाकून बघितलं.

पेटीचं लाकूड कुजून गेलं होतं. चेहऱ्याचं आणि हातांचं जे व्हायचं ते झालं होतं, बोटांच्या हाडांत रोझरी अडकलेली होती. पण छातीपासून घोट्यांपर्यंत पांढऱ्या साडीखाली माझी आय होती. हाडं नव्हती, आय होती. आकार तसाच, भरीवपणा तसाच. अडीच वर्षं चिखलात राहून तिचं काही बिघडलं नव्हतं.

“माती लागली नाय,” इनास हळूच म्हणाला. त्याने डोक्यावरचा रुमाल काढला. “पंचवीस वर्सांत दोनदा बघितलाय मी असा. फादरला बोलव.”

मी आणखीही एक गोष्ट बघितली होती. साडीचा काठ जिथे फाटला होता तिथे. इनासनेही ती बघितली, कारण त्याने माझ्याकडे बघितलं आणि फावड्याने थोडी माती त्यावर लोटली. आम्ही दोघं त्याबद्दल काही बोललो नाही.

आता या घराण्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझा बाप मी पोटात असताना गेला आणि आय माहेरी परत आली. घरात आजी आणि मामा, दुमिंगमामा. मी सहा वर्षांची असताना आजी गेली. ती फादरशिवाय गेली. आमच्यात यापेक्षा वाईट मरण नाही. मरणाऱ्याच्या कपाळाला तेल लागायला हवं, कन्फेशन व्हायला हवं, नाहीतर तो आत्मा स्वर्गाआधीच्या शुद्धिस्थानात किती काळ तळमळत राहील ते देवालाच ठाऊक. आमचे आत्मे कुणाला झपाटत नाहीत, ते दारात येऊन मिस्सा, म्हणजे त्यांच्या नावाने चर्चमधली प्रार्थना, मागतात. आजी तशी कुणाच्या दारात येऊ नये म्हणून आयने पुढे बावीस वर्षं दर सोमवारी तिच्या नावाने मिस्सा ऐकली.

बावीस वर्षं मामा तिच्याशी बोलला नाही. का, तर त्याचं म्हणणं, आपोलीनने, म्हणजे माझ्या आयने, त्याला फादरकडे उशिरा पाठवलं, आईची नाडी सुटेपर्यंत बसून राहिली. त्याने हे आजीच्या सातव्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं आणि गावाने ऐकलं. आयने मान खाली घातली. तेवढं उत्तर गावाला पुरलं. त्यानंतर मामाने घराच्या मध्ये कुडाची भिंत घातली आणि एका छपराखाली दोन चुली पेटल्या. मामा आमच्या गावच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा, तेही त्याने त्या दिवसापासून सोडलं. आईचं दुःख, असं लोक म्हणत आणि त्याला मान देत.

ज्युस्तीनमामी मात्र कुडावरून माशाच्या कालवणाची वाटी द्यायची, नवरा शेतावर गेला की. आय गेली त्या दिवशीही तीच चहाची किटली घेऊन आली. मामा आला नाही. भिंतीपलीकडून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. कबर घराण्याची, म्हणून आयला तिथे ठेवू नका असं म्हणणं त्याला जमलं नाही, एवढीच त्याची मेहरबानी. मी त्याचा द्वेष करत होते. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे.

फादर मेल्विन यायच्या आधी बातमी गावात पोचली होती. फुलांच्या जुड्या घेऊन मामीसाठी आलेल्या बाया तशाच कबरस्थानात आल्या. त्यांत पुढे ब्रिजितकाकू. या काकूंना गावातला प्रत्येक मेलेला माणूस एकदा तरी भेटलेला असायचा.

“मी बोलत नव्हती,” काकू म्हणाल्या, “पन मी बघितली तिला. मागच्या लेंटमधी, उपासाच्या दिवसांत, सांजच्या आंजेलसच्या घंटेला, तुमच्या विहिरीवर. पांढऱ्या साडीत. पाठ करून उभी.”

“मग मला सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“तू घाबरशील म्हणून.”

“तिनं काही मागितलं?”

“तेच तर. नुसती उभी होती. मागनारा आत्मा बरा असतो गं. मिस्सा दिली की सुटतो. ही अडकलेली.”

सांतानआजी, गावातली सगळ्यांत म्हातारी, काठी टेकत पुढे आली आणि म्हणाली, “संतांची शरीरा पन अशीच ऱ्हातात. आपोलीन संत असेल.”

आपोलीनने स्वतःच्या आईला तेलाशिवाय मरू दिलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. संत होणं तिच्या वाट्याला कसं येईल?

“संत नाय,” ब्रिजितकाकू म्हणाल्या. “ज्याला कोनी माफ केला नाय त्याला माती घेत नाय. माझी आजी बोलायची.”

आणि मग सगळ्या बाया फाटकाकडे बघायला लागल्या. तिथे दुमिंगमामा उभा होता.

तो बायकोच्या प्रेताजवळून उठून आला होता. पायांत चप्पल नव्हती. कुणीतरी त्याला घरी जाऊन सांगितलं असणार. पन्नाशीचा उंच माणूस, पण त्या सकाळी मला तो पहिल्यांदा म्हातारा दिसला. तो कबरीपर्यंत आला नाही, दहा पावलांवर थांबला.

फादर मेल्विन मागोमाग सायकलवरून आले. नवीन फादर, पंचविशी उलटलेले, आमच्या गावात त्यांना आठ महिने झाले होते. त्यांनी खड्ड्यात बघितलं, क्रूस केला आणि लगेच मागे झाले.

“हे बघा,” ते म्हणाले, “धर्मात असं काही लिहिलेलं नाही. जमीन ओली असली की असं होतं. आत्मे शुद्धिस्थानात असतात, कबरीत नसतात आणि विहिरीवर तर मुळीच नसतात. इनास, कबर बुजव. ज्युस्तीनबाईंना भिंतीकडच्या ओळीत जागा देऊ.”

“जमीन सगळ्यांचीच ओली हाय, फादर,” ब्रिजितकाकू म्हणाल्या.

याला फादरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं.

ते आता सांगते. आय जलोदराने गेली. शेवटचे दोन महिने तिच्या पोटात पाणी साठायचं, डॉक्टर सुईने काढायचे आणि ती जागा मग झिरपत राहायची. माझी आय भलती टापटिपीची. तिच्या साडीवर डाग कुणी बघितला नाही. ती गेली तेव्हाही पोटातून पाणी झिरपणं थांबेना. कमरेखाली टॉवेल ठेवले, ते भिजले. दोन तासांनी गाव तिचं तोंड बघायला येणार होतं. मी दार लावून घेतलं आणि हॉस्पिटलातून आणलेलं निळं मेणकापड तिच्याभोवती काखेपासून घोट्यांपर्यंत दोनदा गुंडाळलं, वरून पट्ट्यांनी घट्ट बांधलं, त्यावर साडी नेसवली. कोरडी, स्वच्छ आय लोकांनी बघितली. कबरस्थानाच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे, पेटीत प्लास्टिक किंवा नायलॉन घालू नये, त्यात शरीर कुजत नाही. दर नोव्हेंबरात फादर ते पुलपिटावरून, चर्चमधल्या प्रवचनाच्या जागेवरून, वाचतात. मला ती पाटी तोंडपाठ होती.

म्हणजे आयला माती का घेईना हे त्या कबरस्थानात दोन माणसांना ठाऊक होतं. मला आणि इनासला.

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. सुरुवातीला मी गप्प राहिले ते लाजेने. आय गळत होती हे मला चार बायांत सांगायचं नव्हतं, तिला ते आवडलं नसतं. पण फाटकात मामाला बघितलं आणि लाज गेली. त्याच्या तोंडावर मला भीती दिसली. खरी भीती. बावीस वर्षं माझ्या आयने ज्याच्यासमोर मान खाली घातली तो माणूस तिच्या कबरीला घाबरत होता. मला बरं वाटलं. मला त्याला आणखी घाबरलेलं बघायचं होतं. याने सगळ्यांसमोर ‘माफ केलं’ म्हणावं, तिच्यासमोर वाकावं, मग सांगेन मेणकापडाचं आणि हसेन त्याच्या तोंडावर. असा माझा हिशेब होता, आणि मी तो अगदी थंड डोक्याने केला होता.

“रेजी,” मामा म्हणाला.

मी सहा वर्षांची असल्यापासून त्याने मला नावाने हाक मारली नव्हती.

“काय?”

“खरा हाय?”

“बघ ना येऊन. तुझीच बहीण आहे.”

इनास खड्ड्यातून माझ्याकडे बघत होता. त्याचा हात फावड्याच्या दांड्यावर होता. त्याने तोंड उघडलं आणि मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटलं.

मामा चालत आला. काठावर आला, खाली बघितलं, आणि तो गुडघ्यांवर बसला. ओली माती त्याच्या लेंग्याला लागली. बाया सरकून जवळ आल्या. कुणीतरी नमो मारिया पुटपुटायला लागलं आणि मग तेही थांबलं, कारण सगळ्यांना ऐकायचं होतं.

“दुमिंग, बोल की,” ब्रिजितकाकू मऊ आवाजात म्हणाल्या. “माफ केला बोल. सुटेल ती.”

मामाने काठावरची माती मुठीत धरली. मी त्याच्या मानेकडे बघत होते.

“मी कसा माफ करू?” तो म्हणाला. “तिने काय केला नाय.”

ब्रिजितकाकू म्हणाल्या, “म्हंजे?”

“तिने मना टायमावर पाठवला होता. चार वाजता. आय बोलत होती तवा. आपोलीन बोलली, दुमिंग, सायकल काढ, फादरला घेऊन ये, थांबू नको कुठं.” तो खड्ड्याकडे बघूनच बोलत होता, जणू आम्ही तिथे नव्हतोच. “तळ्याकडं लग्नाचा मांडव होता. आपला बँड होता. माझ्या जागेवरचा कॉर्नेटवाला आला नव्हता. पोरांनी मना बघितला, हाक मारली. एक गाना वाजव, वरात आत येईपर्यंत. मी बोललो एकच. एक वाजवला, मग दुसरा. लोक नाचत होते. मना वाटला, आय काय आज जात नाय. सहा वाजता मी फादरला घेऊन घरी आलो.”

कबरस्थानात पंधरा-वीस माणसं होती आणि एकाचाही पाय हलला नाही.

“आपोलीनने मना दारात बघितला. माझ्या शर्टावर मांडवातली फुला होती. तिने ती काढून टाकली. काय बोलली नाय. मग सातव्या दिवशी पावन्यांनी इचारला, उशीर कसा झाला, तवा मी तिचा नाव घेतला. तिथंच बसली होती ती. मना वाटला आता बोलेल. तिने खाली बघितला.”

“दुमिंग,” फादर मेल्विन पुढे झाले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “हे कन्फेशनमध्ये सांग. इथे नको. मी येतो तुझ्याबरोबर, आत्ता.”

“फादर, खोटा मी ह्या लोकांसमोर बोललो. खरा तुमच्या कानात बोलून काय उपेग?”

फादरांनी हात काढून घेतला.

“तिच्याशी बोलायला मना तोंड नव्हता,” मामा म्हणाला. “म्हनून बोललो नाय. लोकांना वाटला मी रागावलोय. बरा झाला, वाटू द्या.” मग तो इतका वाकला की त्याचं कपाळ कबरीच्या काठाला लागलं. “आपोलीन, मना माफ कर गं. मंग जा तू. जा बाय.”

तो रडत होता. मोठ्या माणसाचं रडणं बघण्यासारखं नसतं.

मी काय करायला हवं होतं? मघाशी मला जे हवं होतं त्याच्या शंभरपट मला मिळालं होतं, आणि त्यातलं काहीही मला आता नको होतं. आयचा मला राग आला. बावीस वर्षं दर सोमवारी मिस्सेला जाणारी, पापिणीसारखी मागच्या बाकावर बसणारी माझी आय, माझ्याशी सुद्धा यातलं काही बोलली नाही. मी तिच्या पोटाला पट्ट्या बांधल्या, तिला आंघोळ घातली, शेवटच्या रात्री तिचं तोंड ओलं केलं, आणि तिने मला सांगितलं नाही.

आणि आता मेणकापडाचं सांगायचं म्हणजे त्या माणसाला काय सांगायचं? की तू उगाच बोललास? की तुझी बहीण तुझ्यासाठी थांबली नव्हती, ती एका निळ्या कापडात बांधलेली होती, ऊठ आणि गुडघे झटक? बायका आयुष्यभर हसल्या असत्या. मी खाली बघितलं.

सांतानआजी काठी टेकत मामाजवळ गेली आणि तिने त्याच्या केसांवर हात ठेवला. “माफ केला तिने,” ती म्हणाली. “तवाच केला असेल. ऊठ पोरा, तुझी बायको घरी एकटी हाय.”

मामा उठला, तेव्हा त्याला मी हात दिला. तसं ठरवलं नव्हतं, झालं.

लोक पांगल्यावर इनास परत खाली उतरला. फादर पाठमोरे होते. इनासने सुरीने पट्ट्या कापल्या, मेणकापड हळूहळू ओढून काढलं, घमेल्यात घातलं आणि वरून माती टाकली. आयला त्याने नुसत्या साडीत परत नीट निजवलं. वर आल्यावर हात पुसत मला म्हणाला, “पुढच्या वेळेला सुती कापड, बाय.” बस्स, एवढंच. इनास दहा वर्षांनी गेला, त्याने कुणाला एक अक्षर सांगितलं नाही.

मामीला चार वाजता भिंतीकडच्या ओळीत ठेवलं. ब्रिजितकाकूंनी गावभर सांगितलं ते आपोलीनच्या बाजूनेच सांगितलं, हे त्यांचं मला मानायला हवं. विहिरीवर आय त्यांना पुन्हा दिसली नाही. तिला पाहिजे होतं ते मिळालं, असं त्या म्हणायच्या. मामाने महिन्याभरात कूड पाडला. त्यानंतर तो माझ्याच चुलीवर जेवायचा. आम्ही फार बोलायचो असं नाही. तो आयच्या बाकावर बसून सोमवारची मिस्सा ऐकायला लागला, आजीच्या आणि आयच्या, दोघींच्या नावाने.

आणखी दोन वर्षांनी आम्ही कबर पुन्हा उघडली. या वेळी मामाने स्वतः खाली उतरायचा हट्ट धरला. इनासने त्याला हाताला धरून उतरवलं. मातीत फक्त हाडं होती, तांबूस आणि कोरडी. मामाने एकेक हाड हातात घेऊन पंच्याने पुसलं आणि मला दिलं. मी ते फडक्यात मांडत गेले. त्याचे ओठ हलत होते, पण तो प्रार्थना करत होता की तिच्याशी बोलत होता ते मला कळलं नाही.

फडक्याच्या गाठी मारून झाल्यावर तो काठावर बसला. घाम पुसला.

“रेजी,” तो म्हणाला, “तू नर्स हाय. एवढी वर्सा हॉस्पिटलात काढली. खरा सांग मना. तवा माती का घेतली नव्हती तिला? डॉक्टर लोक काय बोलतात?”

इनास फावड्याची माती खरवडत होता. तो खरवडायचा थांबला.

मामाचे डोळे स्वच्छ होते. त्याला उत्तर हवं होतं, खरं उत्तर, आणि मला ते ठाऊक होतं. आय दारात उभी राहून त्याच्या शर्टावरची फुलं कशी काढत असेल ते माझ्या डोळ्यांसमोर आलं.

“डॉक्टरांना यातलं काय कळतं, मामा,” मी म्हटलं.

मामाने हाडांच्या फडक्याची गाठ एकदा चाचपली. मग “हं” म्हणाला, गुडघ्यावर हात टेकून उठला, आयला दोन्ही हातांत घेतलं आणि भिंतीतल्या कोनाड्यात आजीच्या शेजारी नेऊन ठेवलं.